चाकाखालचं लिंबू

सकाळी सहाच्या शांततेत पोळ्यांच्या डब्याचं झाकण ओट्यावरून निसटलं आणि फरशीवर पडून गोल गोल फिरायला लागलं. आधी संथ, मग चढत्या घाईनं, खणखणखण करत, आणि मग एकदम गप्प. शर्वरी कणकेचा गोळा हातात धरून नुसती बघत राहिली. आठ वर्षं गाड्यांच्या शोरूममध्ये काढल्यावर काहीही गोल फिरताना दिसलं की तिचे डोळे आपोआप त्याचा तोल बघायला लागत. झाकणाची कड एका बाजूनं चेपली होती, म्हणून ते तसं डुललं.

आवाजानं पाच वर्षांची जानू उठून दारात आली. एका पायावर दुसरा पाय ठेवून, डोळे अर्धे मिटलेले.

"आई, माझं पोट दुखतंय. मी नाही जाणार शाळेत."

"लिंबू?" शर्वरीनं विचारलं.

जानूनं पोटावर हात दाबला. शर्वरीचे हात पिठाचे होते, तिनं कोपरानंच तिच्या पोटाला गुदगुल्या केल्या. पोरगी खिदळली.

"लिंबूच," असं म्हणून शर्वरीनं पोळी तव्यावर टाकली. जानू मग खिडकीशी गेली आणि तिथं ठेवलेल्या कान तुटलेल्या कपातल्या मातीत तिनं चमच्यानं पाणी घातलं. आठ दिवस रोज घालत होती. बालवाडीत मिळालेल्या सरबतात एक बी आली होती, ती तिनं मुठीत धरून घरी आणून पुरली होती. अजून काही उगवलं नव्हतं.

फोनवर बालवाडीच्या पालकांच्या गटात निरोप आला तेव्हा शर्वरी डबा भरत होती. आज बालवाडी बंद. काल संध्याकाळी कुंभार्ली घाटात कुमुदताईंच्या गाडीला अपघात झाला. गाडीत त्या एकट्याच होत्या. उजवा हात आणि पाय मोडला आहे, जिवाला धोका नाही.

त्याखाली कुणीतरी गाडीचा फोटो टाकला होता. पुढचं डावं चाक म्हणजे नुसती लोखंडी वाटी, भोवती रबराच्या चिंध्या.

शर्वरीनं डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. बालवाडी चालवणाऱ्या कुमुदताई त्याच गाडीतून रोज दुपारी पाच पोरांना घरी सोडत. त्यातली एक जानू. आणि आठ दिवसांपूर्वी, खंडेनवमीला, ती गाडी शोरूमच्या फाटकाबाहेर सोडली होती शर्वरीनं.

*

गेल्या तीन-चार वर्षांत टायर बोलायला लागले होते.

नव्या टायरांच्या रबरात केसाहून बारीक असे कार्बनचे तंतू विणलेले असत, एकाखाली एक, थराथरानं. त्यांतून इवलासा विजेचा प्रवाह खेळायचा. टायर झिजला की वरच्या थराचे तंतू तुटत. कुठले तुटले, किती तुटले हे मोजलं की झीज कुठं आणि किती झाली ते कागदाच्या जाडीइतकं बिनचूक कळायचं. त्यासाठी चाक काढायला नको, वाकून बघायला नको. शोरूमच्या फाटकाशी जमिनीत एक लांबट पट्टी बसवली होती. बाहेर पडणारी गाडी तिच्यावर क्षणभर थांबली की पट्टी चारही चाकं वाचून घ्यायची. कंपनीनं तिला तीन शब्दांचं नाव दिलं होतं, पण वर्कशॉपमध्ये सगळे तिला पाट म्हणायचे. गाडी त्यावर मुंजीतल्या बटूसारखी उभी राहायची म्हणून. काही धोका दिसला तर समोरचा आडवा दांडा उठायचाच नाही.

पाट यायच्या आधी ते काम साळवीकाकांचा तळहात करायचा. अनंत साळवी, चौतीस वर्षं व्हील अलाइनमेंटवर. शर्वरी सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर म्हणून नवीन लागली तेव्हा त्यांनीच तिला सगळं शिकवलं. "माणसं कशी चालतात बघ," ते म्हणायचे. कुणी पावलं फाकून टाकतो, कुणी आत वळवून. चाकांचंही तसंच. एका खड्ड्यात गाडी दणकन आपटली की पुढची चाकं अंशाच्या पाव हिश्श्यानं फाकतात. डोळ्यांना दिसत नाही. पण मग ते चाक सरळ जाता जाता दर पावलाला जरासं आडवं घासटत जातं, आणि आतली कड कानशीवर धरल्यासारखी झिजते. बाहेरून बघाल तर टायर नवाकोरा, आतून तारा उघड्या. काका चाकाखाली हात घालून आतल्या कडेवर तळहात एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर फिरवायचे. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं, की म्हणायचे, "हा फाकून चाललाय."

पाट आला आणि काकांच्या तळहाताला काही काम उरलं नाही. पण पाट चिपळूणच्या माणसांसाठी बनवलेला नव्हता.

पहिल्याच महिन्यात एक कुटुंब नवी गाडी न्यायला आलं. आजी, आत्या, मामा, सगळे. हार घातला, कुंकवाची बोटं ओढली, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. गाडी पुढं सरकली, लिंबं चिरडली, टाळ्या झाल्या, आणि पाटावर लाल दिवा लागला. आतल्या कडेला विजेची गळती, तंतू तुटल्याची शक्यता. दांडा उठेना. कोऱ्या करकरीत गाडीला! आजींनी कपाळाला हात लावला, मामा मॅनेजर पाटणकरांवर घसरले. साळवीकाकांनी गुडघ्यावर बसून टायरला बोट लावलं आणि बोट चाटलं. "आंबट आहे," ते म्हणाले.

लिंबाचा रस खाचांमध्ये शिरला होता. आंबट पाण्यातून वीज सहज वाहते. जे तंतू एकमेकांपासून वेगळे असायला हवेत त्यांना त्या रसानं जोडून टाकलं होतं, आणि यंत्राला वाटलं की टायर आतून फाटला. ज्या देशात ते यंत्र बनलं तिथं चाकाखाली लिंबू ठेवून गाडी घेत नसावेत.

इशारा बाजूला सारायचा तर यंत्राला कारण द्यावं लागायचं. यादीत चिखल होता, तेल होतं, शेण नव्हतं आणि लिंबू तर नव्हतंच. शर्वरीनं ते स्वतः टाइप केलं. लिंबू. त्या दिवसापासून नवी गाडी बाहेर पडली की ती लिंबू दाबायची आणि दांडा उठायचा. यंत्र शिकणारं होतं. सहा महिन्यांत तेच विचारायला लागलं, "लिंबू? हो की नाही?" हेड ऑफिसला हे इतकं आवडलं की शर्वरीचं लिंबू त्यांनी राज्यातल्या चाळीस शोरूममधल्या पाटांना शिकवलं. तिचा फोटो छापून आला. प्रशस्तिपत्र पाटणकरांनी भिंतीवर लावलं, गणपतीच्या तसबिरीच्या शेजारी.

वर्कशॉपमध्ये तो शब्दच रूढ झाला. कुणी तापाचं निमित्त काढून सुटी मागितली की बाकीचे म्हणायचे, लिंबू. साहेबांचा राग खरा नसला की, लिंबू. शर्वरीनं तो शब्द घरी आणला तेव्हा जानू पोट धरधरून हसली होती.

*

खंडेनवमीला शोरूमच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या दिवशी सर्व्हिसला आलेल्या प्रत्येक गाडीची शोरूमतर्फे पूजा असायची. झेंडूचा हार, हळदकुंकू आणि फाटकाजवळ चार चाकांखाली चार लिंबं.

कुमुदताई ओक आपली छोटी निळी गाडी घेऊन सकाळीच आल्या होत्या. वयाच्या बावन्नाव्या वर्षी गाडी शिकलेल्या. गाडी डावीकडं ओढते म्हणाल्या, स्टिअरिंग सतत धरून ठेवावं लागतं, मनगट दुखतं. अलाइनमेंट करून दिलं. गाडी सरळ चालायला लागली. शर्वरीनं तसं त्यांना सांगितलंही, आणि ताई खूश झाल्या. सरळ झालेलं चाक आधी घासून गेलेलं रबर परत आणत नाही, हे शर्वरीला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते बघायला पाट होता.

फाटकाशी ताई गाडीतून उतरल्या. शर्वरी आपल्या काचेच्या केबिनमधून बघत होती. ताई पुढच्या चाकापाशी वाकल्या, मग मागच्या, मग पलीकडं गेल्या. नमस्कार करताहेत, तिच्या मनात आलं, आणि तिनं पुढच्या ग्राहकाचा कागद ओढला. गाडी पाटावर आली. पडद्यावर पिवळा चौकोन उमटला: पुढचं डावं, आतली कड. लिंबू? हो की नाही?

साळवीकाका खिडकीशी आले. "बाय, ते डावं चाक काढून बघतो. पाच मिनिटं."

"काका, मागं अकरा गाड्या आहेत. आणि आता यंत्रसुद्धा लिंबूच म्हणतंय."

काकांनी हात पुसायचं फडकं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकलं. शर्वरीनं "हो" दाबलं. दांडा उठला. कुमुदताईंनी काच खाली करून हात हलवला, जानूची आई म्हणून खास.

*

अपघातानंतर दोन दिवसांनी ती गाडी टेम्पोवर लादून शोरूमला आणली. शर्वरी तिच्याजवळ गेली नाही, केबिनमधून बघत राहिली. साळवीकाका चाकाच्या चिंध्यांपाशी बसले आणि एक लांब तुकडा उचलून त्यांनी मांडीवर घेतला. आतल्या कडेवर तळहात फिरवला, एकदा असा, एकदा तसा. मग उठून तो तुकडा तिच्या टेबलावर आणून ठेवला. कडेला रबर जवळजवळ नव्हतंच. पोलादी तारा वर आल्या होत्या, गंजून तपकिरी.

पाटणकरांनी तोपर्यंत अहवाल तयार केला होता. गाडी बाहेर पडताना कुठलाही इशारा शिल्लक नव्हता. चाक रस्त्याकडेच्या दगडावर चढलं असावं, वळणावर वेग जास्त असावा. वाक्यं अशी बेतानं लिहिली होती की खोटं एकही नव्हतं. शर्वरीची सही हवी होती.

"लिंबू होतं म्हणून यंत्र फसलं," शर्वरी काकांना म्हणाली. "रस नसता तर दिसलं असतं. लिंबू कुणी ठेवलं, तर आपणच. पूजा म्हणून. यात कुणाचं काय चुकलं?"

"चुकलं नाही म्हणतेस?"

"नाही म्हणजे, कुणा एकाचं नाही."

काकांनी तो तुकडा फडक्यात गुंडाळला. "मी तेव्हा जोर धरला नाही. निवृत्तीला चार महिने राहिलेत, कशाला यंत्राशी भांडा म्हणून गप्प बसलो. हे माझं. ते मी कुणावर टाकत नाही."

शर्वरीनं सही केली. तिच्याजवळ लिंबाचा आधार होता. लिंबू खरंच होतं ना. रस खरंच खाचेत शिरला होता. अशा वेळी कुणीही "हो" दाबलं असतं. दोन दिवस ती हेच स्वतःला सांगत होती, भांडी घासताना, जानूची वेणी घालताना. सांगून सांगून ते गुळगुळीत झालं होतं. फक्त मनावरून उलट्या दिशेनं हात फिरवला की टोचायचं.

*

रविवारी ती जानूला घेऊन कुमुदताईंना बघायला गेली. ताई आपल्या थोरल्या बहिणीबरोबर, शकूमावशींबरोबर राहायच्या. खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या, उजवा हात गळ्यात, पाय प्लास्टरमध्ये. जानूनं प्लास्टरवर बोटानं टकटक केलं आणि आत कुणी आहे का विचारलं. ताई हसल्या. मग शकूमावशींनी तिला ओटीवर मांजराची पिल्लं बघायला पाठवलं.

"पोरांना काय सांगायचं हा मला प्रश्न होता," ताई म्हणाल्या. "सांगितलं फोनवर, की ताईंचं लक्ष नव्हतं. तुम्ही चालताना लक्ष ठेवा. काहीतरी शिकतील तेवढंच."

तुमचं लक्ष होतं, असं शर्वरी म्हणायला गेली, पण शकूमावशी चहा घेऊन आत आल्या.

"लक्ष कसलं," मावशी म्हणाल्या. "हिनं त्या दिवशी काय केलं विचार. सणाचा दिवस, लोकांनी मायेनं चाकाखाली लिंबं ठेवली. ही बया वाकून वाकून चारी लिंबं उचलून पर्समध्ये घालून आली. आता भोगा."

शर्वरीनं ओठाशी नेलेला कप बशीत परत ठेवला.

"अगं, चांगली रसरशीत लिंबं," ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात ओशाळेपण होतं, ते शर्वरीनं याआधी कधी ऐकलं नव्हतं. "अन्न पायाखाली घालू नका म्हणून मी पोरांना रोज सांगते. मग चाकाखाली कसं घालू? ऊन मी म्हणत होतं. त्याच दुपारी सगळ्यांना सरबत केलं. तुझ्या जानूच्या ग्लासात बी आली, ती घेऊन गेली ती." त्या थांबल्या. "पण शकू म्हणते तेही मनात येतं गं. इतकी वर्षं या गोष्टी मानल्या नाहीत. रात्री पाय ठणकायला लागला की वाटतं, आपण उगीच शहाणपणा केला. गाडी विकून टाकणार आहे मी. या वयात मला ते झेपायचं नव्हतंच."

खिडकीतला कान तुटलेला कप शर्वरीच्या डोळ्यांपुढं आला. इतके दिवस तो तिथंच होता, तिच्या ओट्यापासून हातभर अंतरावर.

चाकाखाली लिंबू नव्हतं. टायर आंबट नव्हता. पाटावर जे दिसलं ते जसंच्या तसं खरं होतं. यंत्राला ते नीट दिसलं होतं, त्याला फक्त नाव चुकीचं शिकवलं होतं, आणि शिकवणारी ती. वर्षभर तिनं प्रत्येक इशाऱ्याला लिंबू म्हटलं होतं, म्हणून ते फाटलेल्या टायरलाही बिचकत लिंबू म्हणालं. तरी शेवटी त्यानं तिलाच विचारलं होतं. हो की नाही.

आणि त्यानंतरचे आठ दिवस जानू त्याच चाकावर बसून घरी आली होती, दप्तर मांडीवर घेऊन, खिडकीतून वाटेतल्या म्हशी मोजत.

शर्वरी उठली. चहा तसाच टाकून, जानूला हाताला धरून बाहेर पडली. ताईंना वाटलं असेल की तिला त्यांचं दुखणं बघवलं नाही.

*

सोमवारी पहाटेच ती शोरूमला गेली. पाटाची जुनी नोंद काढली. तिच्या शोरूममधून "लिंबू, हो" म्हणून सुटलेल्या सगळ्या गाड्या पडद्यावर ओळीनं उतरल्या. नव्या गाड्या तिनं बाजूला काढल्या. उरल्या एकोणीस, सगळ्या जुन्या, सर्व्हिसला आलेल्या. साळवीकाका आले तेव्हा ती त्या मालकांना एकेक फोन लावत होती. काकांनी विचारलंसुद्धा नाही. बाह्या वर करून जॅक काढला.

दुपारपर्यंत सात गाड्या आल्या. काका चाक काढायचे, तळहात फिरवायचे, ठीक म्हणून मान हलवायचे. सहाव्या गाडीला त्यांनी मान हलवली नाही. आतल्या कडेला नखाएवढं रबर उरलं होतं. गाडी एका जोडप्याची होती, मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बांधलेली. गुरुवारी त्याच गाडीनं गोव्याला निघणार होते.

पाटणकर भिंतीवरच्या प्रशस्तिपत्राकडं बघून म्हणाले की तिला कळतंय का ती काय करतेय. हे इथपर्यंत थांबणार नाही, चाळीस शोरूमना निरोप जाईल, आणि निरोपाखाली तिचं नाव असेल. शर्वरी म्हणाली, निरोप सकाळीच गेलाय. अहवालावरची सही तिनं मागं घेतली आणि नवा अहवाल लिहिला. इशारा आला होता, तंत्रज्ञानं चाक काढून बघू का विचारलं होतं, मी नाही म्हटलं. तीनच ओळी, पण लिहायला तासभर लागला.

"नोकरी जाईल तुझी," पाटणकर म्हणाले. रागानं नाही, जरा थकूनच.

"जाईल," ती म्हणाली.

संध्याकाळी ती पुन्हा कुमुदताईंकडं गेली. घरी ठेवायला कुणी नव्हतं, नवऱ्याची लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात दुसरी पाळी. म्हणून जानू बरोबर होतीच. ती ओटीवर पिल्लांत रमली. शर्वरी खाटेशेजारच्या स्टुलावर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. पाट, लिंबाचा रस, यादीत टाकलेला शब्द, पिवळा चौकोन, मागच्या अकरा गाड्या. सांगताना तिला जाणवलं की अकरा गाड्यांपाशी आपला आवाज जरा मोठा झाला, जणू त्या अजून मागं हॉर्न वाजवत उभ्या होत्या.

शकूमावशी दारात थबकल्या होत्या, हातात निवडायची भाजी तशीच.

कुमुदताईंनी प्लास्टरवरून नजर वर उचलली. "मी वाकले ते तू पाहिलंस?"

"हो. मला वाटलं, चाकांना नमस्कार करताय."

"मी? चाकांना?" ताईंच्या ओठांना हसू शिवलं आणि तिथंच थांबलं. "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं."

"नाही ताई. तुम्ही लिंबू उचललंत त्यानं काही झालं नाही. तुमचं लक्षही होतं. घाटात तुम्ही ज्या तऱ्हेनं गाडी डोंगराच्या बाजूला घातलीत, काका म्हणाले, मुरलेल्या ड्रायव्हरलाही जमलं नसतं."

"शकू, ऐकलंस?" ताई म्हणाल्या. मावशी ऐकतच होत्या. मग ताईंनी शर्वरीकडं नीट पाहिलं, बालवाडीत एखाद्या मुलाला समोर उभं करून बघतात तसं. "पाच पोरं असायची गं माझ्या मागे. त्यातली एक तुझी. ते 'हो' दाबताना तुला आठवली नाही?"

"नाही आठवली."

यापेक्षा खरं उत्तर तिच्यापाशी नव्हतं. ताईंनी डोळे मिटले. "बरं केलंस सांगितलंस. आता मला जरा पडू दे." मग डोळे न उघडताच, "गाडी विकायची की नाही ते नंतर बघीन." पुन्हा ये, असं त्या म्हणाल्या नाहीत. शर्वरीनं त्याची वाटही पाहिली नाही.

बाहेर आली तर जानू ओटीवर नव्हती. दाराच्या चौकटीला पाठ लावून आत बसली होती, मांडीवर एक पिल्लू. किती वेळ बसली होती कोण जाणे.

दोघी चालत निघाल्या. दिवेलागणीची वेळ, घराघरांतून फोडणीचा वास येत होता. जानू नेहमीसारखी उड्या मारत नव्हती. शर्वरीच्या तळहातात तिचा हात होता, लहानसा, पिल्लाच्या अंगाची ऊब अजून लागलेला. शर्वरी तिच्या बोटांवरून अंगठा फिरवत राहिली.

"आई, ताईंच्या गाडीचं लिंबू खोटं होतं ना?"

"हो."

"म्हणजे गाडीला खरंच दुखत होतं."

"हो बाळा."

कोपऱ्यावरच्या दिव्याखाली जानू थांबली आणि तिनं मान वर केली.

"त्या दिवशी सकाळी माझंपण पोट खरंच दुखत होतं. तू गुदगुल्या केल्यास म्हणून मी हसले." ती रागावलेली नव्हती, तिला फक्त समजून घ्यायचं होतं. "मग तुला कसं कळलं, आई, की ते लिंबूच आहे?"